लोंबीला आलेली पत्रं

दिवाळी अंकापासून या मासिकात माझी उंदरांची गोष्ट क्रमशः चालू आहे. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. दाभोळ खाडीकाठची एक वाडी आहे. तिथल्या माडांच्या शेंड्यांवर उंदरांचं एक कूळ राहतं. त्यातली तरणी लोंबी, सगळ्यांची म्हातारी आक्की, आणि खालच्या भातखाचराच्या बांधात एकटीच राहणारी घूस, जिला सगळे खोतीण म्हणतात. मागच्या अंकात आक्की गेली आणि पत्रांचा ढीग पडला. संपादक म्हणाले, एक महिना गोष्ट थांबवा आणि आधी लोकांना उत्तरं द्या. माझी नोकरी कृषी खात्यात झाली. उंदीर कसे मारावेत हे गावोगाव सांगत फिरले आणि आता त्यांचीच गोष्ट लिहिते, याबद्दल ज्यांनी टोमणे मारलेत, त्यांची पत्रं पोचली. टोमणे चांगले आहेत.

प्रश्न : आजी, आक्की का मेली? ती सगळ्यात हुशार होती ना? मग तिला विष कसं कळलं नाही? मी त्या दिवशी जेवलो नाही. — इयत्ता तिसरी, चिपळूण

अरे राजा, आधी जेव बघू. मग वाच.

आक्की हुशारच होती, आणि विषाचं म्हणशील तर जुनं विष तिनं दहादा ओळखलं असतं. जुनं म्हणजे झिंक फॉस्फाईड, ती काळी पूड. उंदराच्या पोटात गेली की तिथल्या आम्लात तिचा वायू होतो आणि काही तासांत खेळ संपतो. पण उंदीर कुठलीही नवी वस्तू एकदम खात नाही. लांबून वास घेतो, परत जातो, दुसऱ्या रात्री येऊन कणभर चाखतो. कणभर खाऊन पोटात दुखलं आणि जगला, तर त्या चवीला पुढे महिनोन्‌महिने तोंड लावत नाही. उंदराला उलटी करता येत नाही, ठाऊक आहे का तुला? शरीराची रचनाच तशी आहे. मळमळलं तर तो माती खातो. दुसऱ्या भागात लोंबीचा भाऊ बांधावरची चिकणमाती खात बसतो, ते यासाठी.

म्हणून आम्ही शेतकऱ्यांना सांगायचो, की पहिल्या संध्याकाळी सगळी बिळं लिंपा. सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत. मग दोन-तीन दिवस त्यांत नुसती भरड टाका, गूळ आणि गोडं तेल चोळलेली, विष अजिबात नको. उंदरांची भीड मोडली की त्याच भरडीत पूड. उंदराच्या बाजूनं बघ आता. दोन दिवस कोणीतरी दारात गोडाचं जेवण ठेवतंय आणि आक्की एकटीच सांगतेय, थांबा, अजून एक रात्र थांबा. पहिल्या भागात तिनं कूळ वाचवलं ते असं.

तिचा घात झाला तो घराच्या माळ्यावरच्या वड्यांनी. त्या नव्या वड्यांत ब्रोमॅडिओलोन असतं. त्यानं रक्त गोठायचं थांबतं, पण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. तोवर उंदीर पोफळीची सुपारी, खोबरं, भात, काय काय खाऊन बसलेला असतो. दुखणं कशानं आलं याचा मेळ कुठल्याच उंदराला लागणार नाही, मग तो कितीही शहाणा असो.

आता त्याहून वाईट. एक उंदीर काही खाऊन परतला की बाकीचे त्याच्या तोंडाशी नाक नेतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गॅलेफ या शास्त्रज्ञानं यावर अख्खी कारकीर्द घालवली. खाल्लेल्या अन्नाचा वास आणि उंदराच्या श्वासातलं कार्बन डायसल्फाइड, हे दोन्ही एकत्र नाकात गेले की दुसऱ्या उंदराला ते अन्न खावंसं वाटतं. नुसत्या अन्नाच्या वासानं ते होत नाही, जिवंत तोंडातून यावं लागतं. उंदरांचं वर्तमानपत्रच म्हण. आणि या वर्तमानपत्रात वाईट बातमी छापून येत नाही. खाणारा उंदीर आजारी पडलेला असला तरी त्याच्या श्वासाची बातमी तीच राहते, “हे खा.” गॅलेफनं तेही तपासून पाहिलं होतं.

आक्की वडी खाऊन आली, पिल्लांनी नेहमीसारखी तिच्या तोंडाशी नाकं नेली आणि बातमी वाचली. तिनं कोणाला फसवलं नाही, स्वतःही गाफील नव्हती. मागच्या अंकातलं ते पान मला दोनदा फाडावं लागलं, तेव्हा तुझ्या घशाखाली घास उतरला नाही याचं मला नवल नाही. पिल्लं वाचतात की नाही ते पुढच्या अंकात. इथं सांगितलं तर संपादक माझं मानधन कापतील.

प्रश्न : गोष्ट रंजक आहे, पण उंदरांची “शाळा” दाखवणं म्हणजे फारच झालं. प्राणी उपजत प्रेरणेनं वागतात. मुलांना चुकीची माहिती जाते. — एक निवृत्त अभियंता, पुणे

साहेब, जेरुसलेमच्या आसपासच्या पाइनच्या लागवडीत काळे उंदीर राहतात. माझ्या माडावर राहतात त्याच जातीचे, रॅटस रॅटस. त्या बनात खायला दुसरं काही नाही, फक्त त्या सुचीपर्णी झाडाचे सुळके, म्हणजे खवल्यांच्या आत बी असलेले शंकू. सुळक्याचे खवले एकावर एक इतके घट्ट की कुठूनही कुरतडायला गेलं तर मिळणाऱ्या बीपेक्षा जास्त शक्ती खर्च होते. पण तिथले उंदीर बुडापासून सुरुवात करतात आणि खवले ज्या वळणानं बसलेले असतात त्याच वळणानं वर जातात. तेल अवीव विद्यापीठाच्या योसेफ टेर्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरीकडचे उंदीर आणून त्यांच्यापुढे हे सुळके ठेवले. मोठ्या उंदरांना जमलं नाही. मग सोलणाऱ्या आईची पिल्लं न सोलणाऱ्या आईकडे दिली आणि न सोलणारीची सोलणारीकडे. शिकली ती सोलणाऱ्या आईकडे वाढलेली, जन्म कोणाच्याही पोटी असो. पिल्लं आईच्या पुढ्यातला अर्धा सोललेला सुळका ओढून घेतात आणि तिथून पुढे चालू करतात.

याला मी शाळा म्हटलं. तुम्ही दुसरा शब्द सुचवा.

लोंबीचा पहिला धडा अडसरावर, म्हणजे कोवळ्या नारळावर होतो तो यावरूनच घेतला. तुमच्या ओळखीचं कोणी गुहागर-दापोलीकडे असेल तर माडाखाली पडलेलं पोखरलेलं अडसर मागवून बघा. भोक बहुतेक वेळा देठाच्या बाजूला असतं, टोपीच्या कडेला, जिथं काथ्या अजून कोवळा असतो. कडा गोल, आतल्या बाजूला दातांच्या जोडरेघा, नि पाणी सगळं सांडून गेलेलं. भलत्या जागी सुरू करून अर्धवट सोडलेली भोकंही सापडतात. ती मी पिल्लांची धरते. गोष्ट लिहिणाऱ्याला एवढी सूट हवी.

प्रश्न : उंदरांचा राजा कधी येणार? सिंहासन, सेनापती, दरबार काहीच नाही. — कोल्हापूर

येणार नाही.

खुलासा हवा असेल तर १९४७ सालचा एक प्रयोग सांगते. बाल्टिमोरजवळ जॉन कॅल्हून नावाच्या शास्त्रज्ञानं पाव एकर जागेला कुंपण घालून त्यात रानटी उंदीर सोडले. खायला भरपूर, शत्रू नाही. दोन वर्षांहून अधिक काळ तो बघत बसला. संख्या दीडशेच्या आसपास येऊन थांबली, आणि त्या दीडशेंचं एक राज्य झालंच नाही. डझन-डझनभरांची कुळं झाली. अन्नाजवळची जागा दांडग्यांनी धरली, बाकीचे कडेला. कडेच्या माद्यांची पिल्लं फारशी जगली नाहीत. हे राजा-प्रजेपेक्षा आपल्या भावकीच्या जवळचं आहे, आणि भावकी मला लिहिता येते. शिवाय माद्या एका घरट्यात वितात, एकमेकींची पिल्लं पाजतात. त्यामुळे आक्की सगळ्यांची आक्की होती, तिला मुकुटाची गरज पडली नाही.

राजाच हवा असेल तर आपल्या पंचतंत्रात हिरण्यक आहे. कबुतरांचं जाळं कुरतडणारा म्हणून तो सगळ्यांना ठाऊक असतो. त्याची पूर्वकथा मात्र कोणी सांगत नाही. ताम्रचूड नावाचा गोसावी भिक्षापात्र खुंटीला उंच टांगून ठेवायचा, आणि हा उडी मारून ते रिकामं करायचा. पाहुणा आलेला दुसरा गोसावी म्हणाला, एवढी उडी साध्या उंदराची नव्हे, याचं बीळ द्रव्याच्या साठ्यावर असणार. खणलं. साठा गेला आणि त्याबरोबर हिरण्यकाची उडीही गेली. बरोबरचे उंदीर दुसऱ्या दिवशी पांगले. दरबार लिहायचाच झाला तर मी याच्या पुढे काय लिहिणार?

प्रश्न : तुम्हाला कौतुक सुचतंय. माझ्या दोन खाचरांतलं भात पोटरीत, म्हणजे कणसं बाहेर पडायच्या बेतात असताना कापून नेलं. खोतीणबाईला माझ्याकडून सांगा, बिळात पाणी सोडतोय. — शेतकरी, माणगाव तालुका

दादा, तुमचा राग रास्त आहे आणि खोतिणीची बाजू मी कधीच घेतली नाही. तिला मी खोतीण नाव दिलं ते उगाच नाही. या शेतातल्या लहान घुशी एकेकट्या राहतात. एका बिळात एक मोठी, फार तर सोबत तिची पिल्लं. दुसरी घूस दिसली की दात काढते. लोंब्या बुडातून कापून आत ओढते आणि कोठ्या भरते, खाईल त्यापेक्षा कितीतरी जास्त. रायगडातले कातकरी तोंडाशी पडलेली ताजी माती बघून बीळ जिवंत की सोडलेलं ते चालता चालता सांगतात, आणि कोठीतलं भात बाहेर काढतात. माझ्या नोकरीतली कुठलीही पुस्तिका मला यापेक्षा जास्त शिकवू शकली नाही.

पाणी सोडून या हंगामात फार होणार नाही, बांध मात्र फुटेल. पुढच्या वर्षी बांध अरुंद ठेवा, गवत काढा, आणि मोहीम लावणीनंतर लवकर घ्या, भात पोटरीत यायच्या आत. पोटरीतलं भात समोर असताना तुमच्या भरडीला कोण विचारतो? आणि एकट्यानं करू नका. शेजारच्या खाचरातली घूस आठवड्याभरात तुमचं रिकामं बीळ धरते. विषाचे हातमोजे, मुलं, गुरं, कोंबड्या, हे तुम्हाला सांगायला नको, तरी सांगते.

प्रश्न : गोष्ट वाचल्यापासून मुलगी म्हणते, मला रानातला उंदीर पाळायचा आहे. पिंजरा लावून बसली आहे. काय करू? — एक आई, सावंतवाडी

पिंजरा आजच उचला. कोकणात पावसाळ्यात लेप्टो कशानं होतो ते तुम्हाला माहीत असेल. उंदराच्या मुतातले जंतू पाण्या-चिखलातून पायाच्या जखमेवाटे शिरतात. रानातला उंदीर चावतोही. पायाला चीर असताना चिखलात गेलात आणि नंतर ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं सुरू झालं, तर घरी काढे करत बसू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. मुलीला सांगा, लोंबी माणसाच्या हातात आली तर मी गोष्ट तिथंच बंद करीन.

प्रश्न : उंदीर खरंच हसतात का? — इयत्ता पाचवी, नागपूर

हो. आपल्याला ऐकू येत नाही इतकंच. आपले कान साधारण सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत. उंदीर खूश असले की पन्नास हजारांच्या आसपास चिवचिवतात. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत याक पांकसेप या शास्त्रज्ञानं प्रयोगशाळेतल्या उंदरांना बोटांनी गुदगुल्या केल्या आणि यंत्रावर तो आवाज पकडला. काही दिवसांनी उंदीर त्याच्या हातामागे धावायला लागले. भीतीचा आवाज वेगळा, बावीस हजारांचा, लांब ओढलेला. घुबड आलं तेव्हा आक्की तोच काढते.

आणि लपाछपी! २०१९ मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना माणसाबरोबर लपाछपी खेळायला शिकवलं. राज्य असताना उंदीर बडबड करत शोधायचे, लपायची पाळी आली की गप्प बसायचे. माझी नात अजून ते शिकलेली नाही. ती खाटेखालून “मी इथं नाहीये” म्हणून ओरडते.

प्रश्न : लोंबीला स्वप्नात वाट दिसते, हा चमत्कार कशाला? — ठाणे

चमत्कार नाही. २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत केनवे लुई आणि मॅथ्यू विल्सन यांनी उंदीर फेरीच्या वाटेवर धावताना त्याच्या मेंदूतल्या पेशींचा क्रम नोंदवला, आणि स्वप्नाच्या झोपेत तोच क्रम पुन्हा उमटताना पाहिला. लोंबीनं पाहिलेली वाट तिनं आधी चाललेलीच आहे. आठवा भाग काढून बघा.

प्रश्न : एक मोठं युद्ध येऊ द्या. लाखो उंदीर विरुद्ध माणसं. — कॉलेज विद्यार्थी, नाशिक

असं घडून गेलंय, आणि त्यात कोणी तलवार उपसली नाही. मिझोरामच्या डोंगरात एक बांबू आहे, तो साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदाच, सगळीकडे जवळपास एकदम फुलतो. पेरूएवढी फळं पडतात. उंदरांना अन्नाला तोटा नाही, पिल्लांमागून पिल्लं. मग पाऊस पडतो, उरलेली फळं रुजतात, खाणं संपतं, आणि सगळे उंदीर डोंगरउतारावरच्या भातात शिरतात. १९५९ ला असा दुष्काळ पडला. मदत अपुरी पडली म्हणून लोकांनी दुष्काळ निवारणासाठी संघटना काढली, तिचंच पुढे मिझो नॅशनल फ्रंट झालं, १९६६ ला उठाव झाला, आणि करार व्हायला १९८६ उजाडलं. २००७ च्या सुमारास बांबू पुन्हा फुलला, तेव्हा सरकारनं आधीपासून तयारी केली होती.

हे तुम्ही लिहा. उंदरांच्या बाजूनं लिहा. लढाईपेक्षा फळं संपतात ती रात्र जास्त चांगली लिहून होईल. माझं वय झालं, मला चार माड आणि एक बांध पुरे.

प्रश्न : मलाही उंदरांची कादंबरी लिहायची आहे. पहिली वीस पानं पाठवली आहेत. स्पष्ट मत द्या. — लेखक व्हायची इच्छा असलेली, छत्रपती संभाजीनगर

वाचली. भाषा छान आहे. पण ताई, तुमचा नायक पहिल्याच पानावर लालभडक सूर्यास्त बघून हळवा होतो. उंदराला लाल रंग अंधारासारखा दिसतो. उलट आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश त्याला दिसतो, आणि लांबचं सगळं धूसर. सूर्यास्त तुमचा आहे, त्याचा नाही. पुढच्याच पानावर तो “चौकाच्या मधोमध छाती काढून” उभा राहतो. उंदीर मोकळ्या जागेत उभा राहिला की त्याच्या पोटात गोळा येतो. तो भिंतीला अंग घासत जाणारा, मिशांनी सेकंदाला सात-आठ वेळा वाट चाचपणारा जीव. मधोमध जायची वेळ आली तर ते तुमच्या कादंबरीतलं सर्वांत मोठं धाडस ठरेल. ते तुम्ही दुसऱ्या पानावर फुकट घालवलंत.

कोट-टोपी काढून टाका. अक्षरओळखही काढा. त्याला माणसासारखं हुशार करायला गेलं की तो शेपूट लावलेला माणूस होतो, आणि तसली माणसं गल्लोगल्ली आहेत. कपाटाखाली कोण कधी जाऊन आलं, कोणाच्या पोटात काय आहे, कोणाला पिल्लं होणार, हे सगळं त्याला वासानं कळतं. एवढ्यावर कट, प्रेम, हेरगिरी सगळं चालतं. आमच्या माडांना पुरुषभर उंचीच्या वर पत्र्याचा पट्टा मारलेला असतो, नखं घसरतात, खालून वर जाता येत नाही. लोंबीचं कूळ मग वर पोचतं कसं? शेजारच्या माडाच्या झावळ्या याच्या झावळ्यांत शिरल्या आहेत, त्या पुलावरून. मालक झावळ्या तोडायला माणूस बोलावतो त्या दिवशी पूल पडतो, आणि पिल्लं पलीकडे. मला यासाठी एकही राक्षस लागला नाही, आणि मालकही काही वाईट माणूस नाही.

पहिला अध्याय डोळे मिटून पुन्हा लिहा. मग पाठवा, नक्की वाचीन.

प्रश्न : मी पुढचा भाग सुचवतो. लोंबी होडी बनवते आणि सगळ्यांना घेऊन खाडीपलीकडे जाते. होडीचं चित्र सोबत जोडलं आहे. — इयत्ता चौथी, दापोली

चित्र झकास आहे, शिडाला सुपारीची विरी लावलीस हे मला सुचलं नसतं. पण होडी नको रे. काळे उंदीर दोन-तीनशे मीटर पाणी सहज पोहून जातात. दाभोळची खाडी रुंद आहे, म्हणून तिला वरच्या अंगाला नेऊ, जिथं पात्र आक्रसतं. आता तू एक काम कर. बाबांना घेऊन जेटीवर जा आणि तिथल्या कोणाला विचार, पूर्ण भरती झाली की पाणी किती वेळ निवांत थांबतं. तेवढ्या वेळात तिला पलीकडे लागायचंय, तोंडात पिल्लू धरून. उत्तर पंधरा तारखेच्या आत कळव, भाग छपाईला जायचा आहे.